नेट आहे, पण फाइल जाईना : पूर्व भागातल्या एका घराचं नेटवर्क

खाली कारखाना आणि वर घर, अशी मांडणी सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली दिसते. या प्रकरणासाठी त्यातलंच एक नमुन्याचं घर घेऊ. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दहा बाय बाराची ऑफिसची खोली आहे, तिच्या भिंती जुन्या काळ्या दगडाच्या, दीड फूट जाड. मागे पत्र्याच्या शेडमध्ये आठ माग, त्यांतले दोन इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलवरून नक्षी विणणारे. वर पूर्वी माळवद होतं, आता स्लॅब पडला आहे आणि त्यावर दोन भावांचं कुटुंब राहतं. थोरले खाली कारखाना आणि हिशोब बघतात. धाकटे वर बसून लॅपटॉपवर चादरींची आणि टॉवेलच्या किनारींची डिझाइनं करतात.

इंटरनेट फायबरचं, १०० एमबीपीएसचा प्लॅन. नेटवाल्याने वायर वरच्या खिडकीतून आत घेतली, म्हणून घरभर नेट आणि वायफाय देणारा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, वरच्या हॉलमध्ये बसला. वर लॅपटॉप, टीव्ही, चार-पाच मोबाइल आणि वायफायचा प्रिंटर. खाली ऑफिसमध्ये विंडोज ११ प्रो असलेला कॉम्प्युटर, त्यातच सगळ्या डिझाइनचं मुख्य फोल्डर. शेडच्या कोपऱ्यात विंडोज ७ चा एक जुना कॉम्प्युटर, त्यावरून पेनड्राइव्ह भरून जॅकार्डच्या कंट्रोलरला लावतात.

थोरल्यांची तक्रार एका ओळीची : "नेट आहे की वो, पण वरची फाइल खाली काय येईना." म्हणून डिझाइन पेनड्राइव्हवर टाकून जिन्याने खाली येत होतं. एकाच नक्षीच्या तीन-तीन फाइली तीन ठिकाणी साठत होत्या आणि मागावर कोणती लागली हे किनार विणून बाहेर आल्यावर कळत होतं. सूत गेलं, मजुरी गेली, वर ऑर्डरची तारीखही गेली. असा घाटा ज्याने सोसलाय त्याला फाइल शेअरिंगचं महत्त्व सांगावं लागत नाही.

आधी काय काय करून झालं होतं

पहिला उपाय होता वायफाय एक्स्टेंडर. तो खाली ऑफिसात लावला, कारण सिग्नल तिथे कमी होता. नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते. एक्स्टेंडर हा हवेतून सिग्नल घेऊन हवेतूनच पुढे देतो, त्यामुळे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळाला तरच त्याच्याकडे देण्यासारखं काही असतं. ऑफिसमध्ये ओएनटीचा सिग्नल मोजला तर उणे ८१ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). वर हॉलमध्ये तोच उणे ४२. हा आकडा उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरा असला तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ नंतर अडखळतो आणि ८० च्या खाली कनेक्शन नुसतं नावाला राहतं. मोबाइलवर मात्र चारही कांड्या भरलेल्या दिसत होत्या, कारण त्या कांड्या मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या असतात. एक्स्टेंडर ते ओएनटी हा रस्ता किती खराब आहे हे त्या सांगत नाहीत.

दुसरा उपाय जास्त शहाणपणाचा होता, पण अर्धवट राहिला. वरून खाली इथरनेटची केबल ओढली आणि घरात पडलेला जुना राउटर तिला जोडला. केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या एकुलत्या खाचेत घातली, ऑफिसचा कॉम्प्युटर त्याच राउटरच्या दुसऱ्या, म्हणजे लॅनच्या खाचेला जोडला. नेट लगेच सुरू झालं आणि सगळ्यांना वाटलं, काम फत्ते.

तिसरा उपाय मोबाइलवर व्हिडिओ बघून केलेला. विंडोजची फायरवॉल बंद केली, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं, आणि एसएमबी १ नावाची फाइल शेअरिंगची जुनी सोय चालू केली. फाइल तरीही येईना. या तीन गोष्टी मात्र तशाच उघड्या राहिल्या, त्या पुढे एकेक करून मागे घ्याव्या लागल्या.

एकाच घरात दोन गल्ल्या

खालच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' दिलं तर त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता आला १९२.१६८.०.१०२. वरच्या लॅपटॉपवर तीच कमांड दिली तर १९२.१६८.१.१०५. तिसऱ्या आकड्यातला हा ० आणि १ चा फरक म्हणजे अख्खं प्रकरण. वॅन पोर्टमध्ये केबल घातल्यामुळे जुना राउटर स्वतःची वेगळी गल्ली काढून बसला होता. त्याच्यामागची सगळी यंत्रं बाहेरच्याला एकाच पत्त्याच्या आड दिसतात, आणि बाहेरून आपणहून आलेली कुठलीही हाक तो दारातच परत पाठवतो. हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे. बिघाड म्हणावा असं त्यात काही नाही.

गोंधळात टाकणारा भाग पुढे आहे. खालून वरच्या प्रिंटरवर प्रिंट व्यवस्थित निघत होती. वरच्या लॅपटॉपचं शेअर केलेलं फोल्डरसुद्धा खालून पत्ता टाइप केला तर उघडत होतं. म्हणून घरच्यांचा ठाम समज, की नेटवर्क एकच आहे आणि खोट विंडोजच्या परवानग्यांत आहे. पण आतल्या राउटरमागून बाहेर जायला वाट असते, बाहेरून आत यायला नसते. खालून वर जातं आणि वरून खाली येत नाही, असं एकतर्फी लक्षण दिसलं की आधी आयपी पत्त्याचा तिसरा आकडा बघायचा. परवानग्यांच्या खिडक्या उघडायची घाई तोवर करू नये. शिवाय विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत जी नावं दिसतात ती त्याच गल्लीत दिलेल्या हाकेवर येतात, राउटर ओलांडून ती हाक जातच नाही. त्यामुळे पत्त्याने उघडणारं यंत्रही नावाने दिसत नव्हतं.

इथे पिंगबद्दल, म्हणजे एखादं यंत्र हाकेला उत्तर देतं का हे बघायच्या कमांडबद्दल, एक सूचना. विंडोजची फायरवॉल शेअरिंग बंद असताना पिंगला उत्तर देत नाही, म्हणून समोरच्या कॉम्प्युटरकडून उत्तर आलं नाही याचा अर्थ वायर तुटली असा नाही. पिंग आधी राउटरला करायचा, मग प्रिंटरला, आणि शेवटी कॉम्प्युटरला.

जुन्या राउटरचा एपी करताना

उपाय ठरला तो असा : घरात पत्ते वाटणारा एकच, वरचा ओएनटी. जुना राउटर फक्त वायफाय देणारं टोक, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी). काही राउटरच्या मेनूत 'एपी मोड' तयार असतो, तो निवडला की झालं. या जुन्या राउटरमध्ये तो नव्हता, म्हणून हाताने करावं लागलं, आणि त्यात क्रम सांभाळणं फार गरजेचं.

आधी जुना राउटर घरच्या नेटवर्कपासून पूर्ण सोडवून घ्यायचा. एक लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टला जोडून १९२.१६८.०.१ वर लॉगिन करायचं (पत्ते टाइप करताना आकडे इंग्रजी). वायफायचं नाव आणि पासवर्ड वरच्यासारखाच ठेवायचा, म्हणजे जिना उतरताना मोबाइलला नवं नाव निवडावं लागत नाही. मग लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा. राउटर पुन्हा सुरू होईल, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करायचं आणि आता डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटायचं काम, बंद करायचं. शेवटी वरून आलेली केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये घालायची. वॅन पोर्ट रिकामा राहतो. तो कायम रिकामाच ठेवायचा आणि त्यावर चिकटपट्टी लावायची, नाहीतर साफसफाईत कुणीतरी केबल 'मूळ जागी' घालतं.

क्रम चुकला तर दोन तऱ्हेचे त्रास होतात. डीएचसीपी चालू असतानाच केबल जोडली तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. काही मोबाइलला ओएनटीकडून पत्ता मिळतो आणि नेट चालतं, काहींना जुन्या राउटरकडून मिळतो आणि ते नुसते जोडलेले दिसतात. आज हा मोबाइल बंद, उद्या तो, असा तो खेळ चालतो. दुसरा त्रास, पत्ता न बदलता जोडलं आणि योगायोगाने दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ निघाला, तर अख्ख्या घराचं नेट लटकतं.

दोन्ही डब्यांच्या वायफायला चॅनेल वेगवेगळे दिले : २.४ गिगाहर्ट्झवर वर १, खाली ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे पाच-पंचवीस वायफाय दिसतात, तिथे ४० मेगाहर्ट्झची रुंदी निवडून वेग वाढवायला गेलं की उलट घटतो. वरच्या हॉलमध्ये लॅपटॉपसाठी ५ गिगाहर्ट्झ चालू केलं. प्रिंटर मात्र २.४ वरच चालतो, आणि वायफायच्या पासवर्डची सुरक्षा फक्त नव्या डब्ल्यूपीए ३ पद्धतीची ठेवली तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही, म्हणून डब्ल्यूपीए २ ठेवलं. 'एपी आयसोलेशन' नावाची खूण बंद आहे याची खात्री केली. ती चालू असली तर वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत, आणि शेअरिंगची सगळी मेहनत वाया जाते.

जुना राउटर टेबलाखालून काढून ऑफिस आणि शेड यांच्यामधल्या दाराच्या वर, आठ फुटांवर बसवला. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, दगडी भिंत त्या गिळते. दोघांच्या मधला उघडा मार्ग म्हणजे ते दार, तिथून दोन्हीकडे सिग्नल पोहोचतो. शेडच्या मधोमध उणे ६३ आला. कारखान्यात सुताचा बारीक तूस सतत उडतो आणि राउटरच्या फटींत बसतो, तो महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडायचा. तूस अडवायला राउटर प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवू नये, उन्हाळ्यात पत्र्याखाली आधीच भट्टी असते, त्यात तो गुदमरून स्वतःच बंद पडतो.

तपकिरी जोडी

पत्ते एका रांगेत आले, फाइल जायला लागली, पण वेग ११ एमबी प्रतिसेकंदाच्या वर जाईना. ११ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसला ८ ने भागलं आणि थोडी वाटखर्ची सोडली की उरतो तोच. (प्लॅनमधला 'एमबी' मेगाबिटचा आणि फाइलचा 'एमबी' मेगाबाइटचा, आठ बिटांचा एक बाइट. हे माहीत नसल्यामुळे नेटवाल्याशी उगाच भांडणं होतात.)

पहिलं कारण सापडलं जुन्या राउटरमध्येच : त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. म्हणून ऑफिसात पाच पोर्टचा गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा स्विच घेतला, एका केबलच्या अनेक करून देणारा डबा. वरून आलेली केबल स्विचमध्ये, स्विचमधून एक तार कॉम्प्युटरला, एक जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला, एक शेडमधल्या विंडोज ७ ला. आता मोठ्या फाइलींना जुन्या राउटरमधून जावंच लागत नाही. तरीही स्विचवर वरून येणाऱ्या केबलचा दिवा पिवळाच, म्हणजे १००. गिगाबिटचा दिवा या स्विचवर हिरवा असतो.

मग केबलचं टोक हातात घेतलं. आरजे ४५ चा कनेक्टर पारदर्शक असतो, उजेडाकडे धरला की आतल्या आठ तारा दिसतात. कुलूप मागे आणि पितळी दात आपल्याकडे अशी धरली तर टी५६८बी पद्धतीत डावीकडून क्रम येतो : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. इथे पहिल्या सात तारा टोकापर्यंत पोहोचल्या होत्या, आठवी तपकिरी दीड मिलिमीटर मागे राहिली होती. तिच्यावर दात बसला तो नुसत्या प्लास्टिकवर. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, म्हणून ते निर्वेध चालत होतं. गिगाबिटला आठही लागतात. एक जोडी मेली की यंत्रं निमूटपणे १०० वर उतरतात, कुठेही चूक म्हणून दाखवत नाहीत. काही कार्डांवर तर कनेक्शन सारखं चालू-बंद होतं.

टोक कापून नवा कनेक्टर बसवला. बाहेरचं आवरण सुमारे अडीच सेंटिमीटर सोलायचं, तारा सरळ करून क्रमाने ओळीत धरायच्या, एका रेषेत कापून साधारण बारा-तेरा मिलिमीटर ठेवायच्या आणि आत सारायच्या. बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, कारण पकड त्यावर बसते. ते बाहेर राहिलं तर दोन-चार महिन्यांत तारा ओढल्या जातात. दाबण्याआधी समोरून बघायचं, आठही टोकं चकाकताना दिसली पाहिजेत. दाबल्यावर दिवा हिरवा झाला.

केबल विकत घेताना आवरणावर काय छापलंय ते वाचावं. 'सीसीए' म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. स्वस्त असतं, पण जरा वाकवलं की तुटतं आणि लांब अंतरावर वेग टिकत नाही. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्यावी. ही केबल बाहेरच्या भिंतीवरून खाली आलेली, साधारण १८ मीटर. इथरनेटची हद्द १०० मीटर असल्याने लांबीची काळजी नव्हती, उन्हाची होती. घरात वापरायची पीव्हीसीची करड्या रंगाची केबल सोलापूरच्या उन्हात तडकते, बाहेरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची, उन्हाला टिकणारी केबल घ्यावी किंवा पाइपातून न्यावी. शेडमध्ये नेलेली तार मागाच्या मोटारींच्या वायरपासून फूटभर लांब ठेवली, जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली.

केबलचं काम चालू असताना ओएनटीमागची पिवळी फायबर दोरीही बघून घेतली. खिडकीच्या गजाला ती करकचून बांधलेली होती. फायबरला तारेसारखा मुरडा चालत नाही, वाकवायचीच झाली तर चहाच्या कपाच्या तोंडाएवढा तरी घेर द्यावा. घेर सैल केल्यावर ओएनटीच्या पानावरचा येणारा प्रकाश उणे २७ वरून उणे २२ डीबीएमवर आला. उणे २७-२८ ही बहुतेक ओएनटींची शेवटची मर्यादा असते, म्हणजे इथे कधीही लाल दिवा लागला असता. फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नये, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

फोल्डर उघडायचं, पण कुणाला

आता विंडोज. ऑफिसच्या कॉम्प्युटरला ओएनटीमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून १९२.१६८.१.१० हा कायमचा पत्ता दिला, प्रिंटरला १९२.१६८.१.२०. पत्ते वाटण्याची रांग १०० ते २०० ठेवली. कायमचा पत्ता नसला तर आज चालणारा शॉर्टकट वीज जाऊन आल्यावर चालेलच असं नाही, आणि मग शेअरिंगला दोष दिला जातो.

मांडणी बदलल्यावर विंडोज घरच्या नेटवर्कलाच नवं समजतं, कारण ते नेटवर्क ओळखतं त्याच्या मुख्य राउटरवरून. नव्या नेटवर्कला ते 'पब्लिक' मानतं आणि शेअरिंग अडवतं. सेटिंग्जमध्ये ते 'प्रायव्हेट' केलं, 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' दोन्ही फक्त प्रायव्हेटसाठी चालू केलं. फायरवॉल पुन्हा चालू केली. उद्या नेटवाल्याने ओएनटी बदलला की हेच पुन्हा घडणार, म्हणून ही खूण लक्षात ठेवण्यासारखी.

'पासवर्डशिवाय शेअरिंग' हा व्हिडिओतला सल्ला विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून चालतच नाही. त्यात पाहुण्याच्या नावाने शिरणं बंद केलेलं आहे आणि प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागितली जाते. राउटरच्या यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावून केलेलं जुन्या पद्धतीचं शेअरिंगही याच कारणाने एका अपडेटनंतर अचानक बंद पडतं. त्याला उपाय म्हणून सुरक्षा उतरवत बसण्यापेक्षा दोन मिनिटं खर्चून पासवर्ड असलेली खाती करावीत.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोन स्थानिक खाती केली. एक 'नक्षी', धाकट्या भावांसाठी, लिहिण्याची मुभा असलेलं. दुसरं 'माग', शेडमधल्या कॉम्प्युटरसाठी, फक्त वाचण्याची मुभा. खरी नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी ठेवली, फोल्डरचीही. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरला मराठी नावाची फाइल उघडता येत नाही. मुख्य फोल्डरवर उजवी क्लिक, 'शेअरिंग' टॅबमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग', तिथे परवानग्या. मग शेजारच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्येही त्याच दोन खात्यांना त्याच परवानग्या. या दोन याद्या वेगवेगळ्या आहेत आणि दोघींत जी कडक तिचंच चालतं. शेअरिंगमध्ये 'फुल कंट्रोल' देऊनही 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं ते सिक्युरिटीच्या यादीत नाव नसल्यामुळे.

वरच्या लॅपटॉपवर फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडताना युजरच्या नावाआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव आणि उलटी तिरपी रेघ टाकली. नुसतं 'नक्षी' लिहिलं तर लॅपटॉप कधीकधी ते स्वतःचंच खातं समजून चुकीच्या दारात उभा राहतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करणाऱ्यांची एक नेहमीची फसगत म्हणजे पिन. रोज स्क्रीन उघडायचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही, तिथे खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. चुकीचा पासवर्ड एकदा जतन झाला की विंडोज तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, तेव्हा 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून जुनी नोंद पुसावी लागते.

सगळं झाल्यावरही दुपारच्या जेवणानंतर फोल्डर गायब. कारण साधं : ऑफिसचा कॉम्प्युटर अर्ध्या तासाने झोपी जात होता. स्क्रीन बंद होऊ द्यावी, 'स्लीप' मात्र 'नेव्हर' ठेवावं.

मोजणी केली तेव्हा १ जीबीचं कॅटलॉगच्या फोटोंचं फोल्डर एक्स्टेंडरच्या काळातल्या आठ-नऊ मिनिटांऐवजी वरच्या लॅपटॉपवर ५ गिगाहर्ट्झने वीस-बावीस सेकंदांत पोहोचलं.

विंडोज ७ चं काय करायचं

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबवली. पण जॅकार्डचं जुनं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतं आणि कारखानदार त्यासाठी नवी यंत्रणा घेणार नाही, हे मान्य करून पुढे जावं. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, पासवर्ड असलेल्या खात्याने ती विंडोज ११ च्या फोल्डरशी विनातक्रार बोलते. म्हणजे एसएमबी १ ची गरज कुठेच नव्हती. ते 'विंडोज फीचर्स'मधून काढून टाकलं. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी १ मधल्याच भगदाडातून जगभर पसरला होता, तेव्हा हे चालू ठेवणं म्हणजे शेडचं मागचं दार रात्री उघडं टाकणं.

ओएनटीच्या 'पॅरेंटल कंट्रोल'मध्ये विंडोज ७ च्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक टाकून तिचं इंटरनेट बंद केलं. घरातल्या घरात फाइल येते, बाहेर काही जात नाही. 'माग' खात्याला फक्त वाचण्याची मुभा दिली तीही याचसाठी : मागावरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये काही शिरलंच तर मुख्य फोल्डरपर्यंत पोहोचू नये. आणि तरीही दर शनिवारी मुख्य फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन डिस्क काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही जोडलेलीच असते.

व्यापाऱ्याला बाहेरगावहून फोल्डर दाखवायचं म्हणून राउटरवर ४४५ क्रमांकाचा पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, फाइल शेअरिंगचं आतलं दार) बाहेर उघडायचा विचार थोरल्यांच्या डोक्यात होता. तो अजिबात करू नये. शिवाय ओएनटीला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला निघाला, म्हणजे नेट कंपनीनेच वर आणखी एक दार लावलेलं आहे आणि पोर्ट उघडूनही उपयोग झाला नसता. बाहेरच्याला दाखवायचं डिझाइन कमी रिझोल्यूशनच्या चित्राने पाठवावं, मूळ फाइल घरातच राहू द्यावी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात, सगळे पासवर्ड मागतात. त्यांच्यासाठी ओएनटीवर वेगळं गेस्ट वायफाय काढलं. त्यावरून नेट मिळतं, फोल्डर आणि प्रिंटर दिसत नाही.

वीज क्षणभर गेली तरी ओएनटी पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात चालू असलेली कॉपी तुटते. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. घेताना अडॅप्टरवरचे आकडे जुळवावेत. हा ओएनटी १२ व्होल्ट १.५ अँपिअरचा होता, पण जुना राउटर ९ व्होल्टचा, त्याला १२ चं टोक लावलं असतं तर जळला असता. ३० वॅट-तासांची बॅटरी दहा वॅटच्या ओएनटीला अडीच तासांच्या आसपास चालवते.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. जॅकार्डचे हे दोन कंट्रोलर फक्त पेनड्राइव्ह घेतात, त्यांना नेटवर्कचा पोर्टच नाही. म्हणून शेडमध्ये आता एकच पेनड्राइव्ह आहे, लाल दोरा बांधलेला. विंडोज ७ वर बसणारा कामगार तो आधी पूर्ण रिकामा करतो, मग शेअर केलेल्या फोल्डरमधली 'चालू' नावाच्या उपफोल्डरातली फाइल त्यावर घेतो. त्या उपफोल्डरात प्रत्येक मागासाठी एका वेळी एकच फाइल असते आणि ती तिथे ठेवायचा हक्क फक्त वर बसलेल्या धाकट्यांना. ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे : ओएनटी .१, एपी .२, ऑफिसचा कॉम्प्युटर .१०, प्रिंटर .२०, आणि खाली ठळक अक्षरांत, 'जुन्या राउटरच्या निळ्या खाचेत काही घालू नये'.